चादर घ्या, मोबाईल खिशात ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हल्ली एक प्रकार फार वाढलाय. दारू पिऊन ओट्यावर पडलेल्या बापाचा व्हिडिओ पोरगाच काढतो आणि "बघा आमचे पिताश्री" म्हणून सोडून देतो. विसरभोळ्या झालेल्या आजीला नातू तोच तोच प्रश्न दहा वेळा विचारतो, ती चिडली की घरभर हसू आणि त्याचं रील. वाटणीवरून भांडण झालं की धाकटा भाऊ फेसबुक लाईव्ह येतो आणि बापानं तीस वर्षांपूर्वी काय केलं, कुणाचे पैसे बुडवले, कुणाच्या दारात जात होता, सगळं सांगून मोकळा होतो. खाली हसण्याच्या इमोजी. "भाऊ एकच नंबर." आणि लगेच पुढच्या ग्रुपला फॉरवर्ड.

पत्रकार असल्यामुळे असले व्हिडिओ माझ्याकडे "बातमी लावा" म्हणून येतात. मी लावत नाही. का लावत नाही, ते आज लिहितोय. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे विचार माझ्या पवित्र शास्त्राच्या आधारानं करणार. पण विषय सगळ्यांच्या घरचा आहे. घरोघरी मातीच्या चुली.

दहा आज्ञांमध्ये एक आज्ञा आहे, आई-बापाचा मान राख. आमच्यातले प्रोटेस्टंट तिला पाचवी म्हणतात, कॅथलिक चौथी म्हणतात, पण आज्ञा एकच. आपण ती रविवारच्या शाळेत लहान पोरांकडून पाठ करून घेतो. पोरांनी दंगा करू नये, सांगितलेलं ऐकावं, एवढाच तिचा अर्थ आपल्या डोक्यात बसलाय. पण सीनाय डोंगराच्या पायथ्याशी ही आज्ञा ज्यांनी ऐकली ती काय बालवाडीतली पोरं नव्हती. दाढीमिशा असलेली, स्वतःची लेकरंबाळं असलेली माणसं होती. त्यांचे आई-बाप म्हातारे झालेले होते. म्हणजे ही आज्ञा मुळात आहे कुणासाठी? तुमच्या-माझ्यासाठी. चाळिशी-पन्नाशीतल्या, हातात घराचा कारभार आलेल्या माणसांसाठी.

आणि नीट बघा, आज्ञेत "प्रेम कर" असं म्हटलेलं नाही. "मान राख" म्हटलंय. मूळ हिब्रू शब्दाचा धागा वजन या अर्थाशी जातो. आपणही म्हणतोच की, "त्यांच्या शब्दाला वजन आहे." म्हणजे आई-बापाला हलकं करू नका. प्रेम वाटणं कधी कधी आपल्या हातात नसतं. ज्या बापानं आयुष्यभर घरात शिव्या दिल्या त्याच्याबद्दल माया वाटत नसेल तर ती ओढून ताणून आणता येत नाही. पण त्याला चारचौघांत हलकं करायचं की नाही, हे मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. आज्ञा तिथं बोट ठेवते.

बरं, बाप चांगला असेल तरच मान राखा, अशी अटही त्या आज्ञेत नाही.

आता बाप चुकलेला असताना मान राखायचा म्हणजे काय करायचं? याचं उत्तर उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात एका छोट्या गोष्टीत आहे. नोहा सगळ्यांना माहीत आहे, जहाजवाला. जलप्रलयातून घरच्यांना वाचवलेला नीतिमान माणूस. पण त्याच नोहाची पुढची गोष्ट फार कमी वेळा उपदेशात येते. प्रलय ओसरल्यावर त्यानं द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्यायला, झिंगला आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडला. हाम नावाच्या मुलानं ते बघितलं आणि बाहेर येऊन दोन भावांना सांगितलं. त्या दोघांनी, शेम आणि याफेथनं, काय केलं? एक वस्त्र घेतलं, दोघांच्या खांद्यावर टाकलं, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकलं. तोंडं दुसरीकडे केलेली. बापाला त्या अवस्थेत त्यांनी बघितलंच नाही.

हामनं काय खोटं सांगितलं का? नाही. बाप प्यायला होता, उघडा पडला होता, हे शंभर टक्के खरं होतं. आज लाईव्ह येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, "मी खोटं काय बोललो?" हामसुद्धा हेच म्हणू शकला असता. त्याचं चुकलं ते पुढच्या पायरीला. त्याच्या हातात काहीतरी करण्यासारखं होतं. शेजारी वस्त्र असणारच. ते न उचलता तो बातमी घेऊन बाहेर आला.

आणि शेम-याफेथनं काय केलं, तेही अर्धंच ऐकू नका. त्यांनी "आमचा बाप पितच नाही" असं म्हटलं नाही. डेऱ्याचं दार लावून, काही घडलंच नाही असं दाखवून ते निघूनही गेले नाहीत. ते आत गेले. त्यांनी काम केलं. डोळे वळवलेले आणि हात चालू, असा त्यांचा मान होता. आपल्याकडे उलटं चालतं. डोळे रोखलेले असतात आणि हात फक्त मोबाईलवर चालू असतात.

इथं मला एक साधी कसोटी सापडते. आई-बापाची चूक किंवा कमजोरी मी कुणाला सांगतोय, आणि ते ऐकून तो माणूस काय करणार आहे? तो वस्त्र घेऊन आत येणार असेल तर जरूर सांगा. नुसता बघून हसणार असेल तर तोंड बंद ठेवा.

उदाहरण घ्या. आई रात्री-बेरात्री उठून "माझे पैसे चोरले, सुनेनं चोरले" असं ओरडते. हा पुष्कळदा स्मृतिभ्रंशाचा भाग असतो. पैसे, दागिने चोरल्याचा आरोप घरच्यांवर करणं हे त्या आजारात नेहमी दिसणारं लक्षण आहे. तिच्या या वागण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून तुम्ही डॉक्टरला दाखवलात तर ते वस्त्र आहे. डॉक्टरला नेमकं कळेल, औषध बदलता येईल, सुनेलाही कळेल की सासू मुद्दाम करत नाही. तोच व्हिडिओ "आमच्या घरातलं नाटक" म्हणून ग्रुपवर टाकलात तर तुम्ही हाम झालात. व्हिडिओ तोच, मोबाईल तोच. फक्त कुणाला पाठवला, एवढाच फरक आहे.

दारूचंही तसंच. बाप पितो हे लपवून ठेवा असं मी म्हणत नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी आपला माणूस तिथं नेला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आज तिच्या बैठका आपल्याकडेही होतात. तिच्या नावातच "अनामिक" आहे. बैठकीत माणूस उभा राहून आपल्या आयुष्याची वाताहत सांगतो, पण ती त्या खोलीत राहते. बाहेर कुणी त्याचं नाव घेऊन चर्चा करत नाही. खोलीत सगळं उघड आणि खोलीबाहेर सगळं झाकलेलं, म्हणून तर तिथं माणसाला खरं बोलायचं धाडस होतं. ज्याचं चव्हाट्यावर हसं झालंय तो माणूस सुधारायला कुठल्या तोंडानं पुढं येईल? लाज गेली की तो दुप्पट पितो, हे मी सांगायला नको.

आता माझ्यावर येणारे तीन प्रश्न मला माहीत आहेत. इनबॉक्समध्ये येण्याआधी इथंच बोलू.

पहिला प्रश्न. पवित्र शास्त्रानंच नोहाची दारू लिहून ठेवली, दाविदाचं पाप लिहून ठेवलं, मग आम्ही का झाकायचं? प्रश्न रास्त आहे. शास्त्र कुणाला देव्हाऱ्यात बसवत नाही, आणि मला त्याची तीच गोष्ट आवडते. पण ते लिहिलंय ते वाचणाऱ्यानं स्वतःकडे बघावं म्हणून. नोहाच्या गोष्टीतही उघडेपणाचं वर्णन एका वाक्यात उरकलंय. वस्त्र कसं घेतलं, खांद्यावर कसं टाकलं, पाठमोरे कसे गेले, याचे बारकावे मात्र सविस्तर दिलेत. लिहिणाऱ्याला काय दाखवायचं होतं ते यावरून कळतं.

मान राखणं म्हणजे खोटं बोलणंही नव्हे. दफनविधीला मुलगा उभा राहून "आमचे बाबा फार प्रेमळ होते" म्हणतो आणि अर्धी मंडळी खाली बघते, असे प्रसंग आपण सगळ्यांनी बघितलेत. त्यापेक्षा "बाबांचा स्वभाव कडक होता, आम्हाला त्याचा त्रास झाला, पण आम्हाला शिकवायला त्यांनी हाडाची काडं केली" एवढं म्हटलं तर खरंही राहतं आणि मानही राहतो.

हे जमतं का? जमतं. आपल्याच राहुरी-नगरच्या मातीत राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" काढून वाचा. १९३४ पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं. वडिलांचं सोवळ्याओवळ्याचं टोकाचं वेड, त्यापायी घरादाराचे झालेले हाल, काही लपवलेलं नाही. नवरा रेव्हरंड टिळक, एवढा मोठा कवी, पण त्यांचा तापटपणा आणि व्यवहारातला भोळसटपणाही त्यात आहे. तरी पुस्तक मिटल्यावर या माणसांबद्दल तिरस्कार वाटत नाही. कारण लिहिणारी बाई त्यांच्या शेजारी उभी राहून लिहिते. वडिलांच्या त्या वेडामागं १८५७ च्या बंडानंतर नात्यातल्या माणसाला झालेल्या फाशीचा धक्का होता, हेही ती आपल्याला सांगते. बाप असा का झाला, हे ज्याला बघावंसं वाटतं त्याच्या हातून बापाची टिंगल होत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. बाप मारत असेल तर? आईला लाथा घालत असेल तर? पोरीवर हात टाकत असेल तर? तिथंही झाकायचं?

नाही. अजिबात नाही. हे मी स्पष्ट लिहितो, कारण आमच्या चर्चमध्येही आणि बाहेरच्या समाजातही "घराण्याची अब्रू" म्हणून असली पापं वर्षानुवर्षं दाबली जातात. शेम-याफेथनं बापाची लाज झाकली. कुणाच्या तोंडावर हात ठेवून किंकाळी दाबली नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बापाच्या इज्जतीचं ओझं मार खाणाऱ्या बाईनं किंवा लेकरानं उचलायचं नसतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ पासून आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. बाप असो, काका असो, की पाळक असो. तिथं कळवणं हीच लेकराच्या अंगावर टाकलेली चादर आहे. आणि त्या लेकराची ओळख जगजाहीर करायला कायद्यानं बंदी आहे, म्हणजे तिथंसुद्धा जागा पोलीस ठाण्याची आहे, यूट्यूब चॅनेलची नाही.

मारणाऱ्या बापापासून दूर राहणं हाही आज्ञाभंग नाही. वेगळं राहून, औषधपाण्याचे पैसे पाठवून, त्याच्याबद्दल गावभर न बोलता राहणारी माणसं मी बघितलीत. त्यांच्या पोटात काय आहे ते देवाला ठाऊक. पण ती माणसं आज्ञा पाळतात असंच मी म्हणेन.

तिसरा प्रश्न विचारणाऱ्याचे डोळे बहुतेक वेळा भरलेले असतात. "त्यांनी आमचा मान कधी ठेवला होता? आईला भर गल्लीत शिव्या द्यायचे. शाळेत येऊन सगळ्यांदेखत मला मारलं. तेव्हा आमच्यावर कुणी चादर टाकली?"

याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यावर अन्याय झाला, आणि तो अन्यायच होता. ज्या इफिसकरांस पत्रात मुलांना आई-बापाचा मान राखायला सांगितलंय, त्याच सहाव्या अध्यायात लगेच पुढं बापांनाही बजावलंय की लेकरांना चिडीला आणू नका. आपल्याकडे पहिला भाग मोठ्यानं वाचतात, दुसऱ्याला आवाज खाली जातो. नोहासुद्धा शुद्धीवर आल्यावर काय वागला बघा. चूक हामची, पण शाप दिला हामच्या पोराला, कनानाला. नातवाला! पुढं त्याच शापाचा आधार घेऊन युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी आफ्रिकी माणसांची गुलामगिरी शास्त्रसंमत ठरवली. एका घरातला अपमान आणि त्याचा राग किती लांब जाऊ शकतो, याचं यापेक्षा भयानक उदाहरण नसेल.

म्हणूनच मी म्हणतो, ही साखळी कुणीतरी तोडायची असते. बापानं तुम्हाला चारचौघांत उघडं पाडलं. आज तो थकला, तुमच्या हातात मोबाईल आला, तुम्ही त्याला उघडं पाडलं. हे सगळं कोण बघतंय? तुमचं आठवीतलं पोरगं. तेही मोबाईल चालवायला शिकतंय. आपणही म्हातारे होणार आहोत, आपलंही धोतर कधीतरी सुटणार आहे.

एक गोष्ट आमच्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठी खास. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपुढाऱ्यांवर चांगलाच कडाडलाय. का? तर आई-बापाला द्यायचे पैसे "हे मी देवाला वाहिलं" म्हणून अडवून ठेवायची सोय त्यांनी काढून दिली होती. आज दशमांश वेळेवर देणारा, उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा माणूस आईच्या चष्म्याचा नंबर तीन वर्षं बदलून देत नसेल तर तो त्याच रांगेत बसलाय. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीला आपण किती श्रद्धेनं जातो. कुणी कुणी चालत जातो. त्या माउलीपुढं मेणबत्ती लावून घरी आल्यावर आपल्या माउलीला "गप पड कोपऱ्यात" म्हणायचं असेल तर ती पायपीट कशासाठी?

आणि स्वतः येशूचं बघा. त्याचं घरच्यांशी सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. हा वेडा झालाय म्हणून घरचे त्याला न्यायला आले होते, असं मार्कनं लिहून ठेवलंय. त्यानं आईला तोंडावर सांगायचं ते सांगितलंही. पण वधस्तंभावर, श्वास घेणं मुश्कील झालेलं असताना, आईची सोय त्यानं आपल्या शिष्याकडे लावून दिली. मतभेद एका बाजूला आणि जबाबदारी एका बाजूला. त्यात गल्लत केली नाही.

कायदाही आहे हे सांगायला हवं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. मुलं सांभाळत नसतील तर म्हातारा माणूस प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. हे नंबर घरातल्या म्हाताऱ्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. पण कायदा फार तर भाकरी मिळवून देईल. ती भाकरी ताटात वाढली की दुरून फेकली, हे बघायला प्रांतसाहेब रोज घरी येणार नाहीत. ते आपल्यालाच बघावं लागणार.

शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

ग्रुप अॅडमिन मंडळींनी कुणाच्याही आई-बापाची, आजी-आजोबांची टिंगल करणारा व्हिडिओ आला की काढून टाकावा. पाठवणाऱ्याला ग्रुपवर न झापता खासगीत फोन करावा. मत्तयच्या अठराव्या अध्यायातही हेच सांगितलंय, आधी एकट्याला गाठून बोला.

आमच्या पत्रकार आणि पोर्टलवाल्या मित्रांनी "पोरानंच केली बापाची पोलखोल" असले मथळे बंद करावेत. व्ह्यूज दोन दिवस मिळतात. त्या घराला मात्र त्याच गल्लीत आयुष्य काढायचं असतं.

पाळक आणि फादर लोकांनी नोहाची ही गोष्ट एका रविवारी पुलपिटावरून पूर्ण सांगावी, मारणाऱ्या बापाबद्दलच्या खुलाशासकट. अर्धी सांगितली तर ती मार खाणाऱ्यांवरच उलटते.

आणि घरातल्यांनी? आजारी बापाचा नळ्या लावलेला, अर्धवट कपड्यातला फोटो "प्रार्थनेची गरज" म्हणून टाकण्याआधी एकदा विचार करा. शुद्धीवर असते तर त्यांनी हा फोटो टाकू दिला असता का? प्रार्थना नाव सांगूनही करता येते. देवाला फोटो लागत नाही.

आई-बाप चुकतात. काहींनी फार मोठ्या चुका केल्यात, त्याची किंमत तुम्ही अजून भरताय, हे मला कळतं. त्यांना देव माना असं मी म्हणत नाही. त्यांना सांगायचं ते तोंडावर सांगा, ज्याला सांगायची गरज आहे त्याला सांगा, डॉक्टरला सांगा, पाळकाला सांगा, वेळ आली तर पोलिसांना सांगा. पण ज्याला नुसतं बघायचंय त्याच्यासाठी डेऱ्याचा पडदा वर करू नका.

तुमचं म्हणणं वेगळं असेल तर खाली लिहा, वाचतो. फक्त एक विनंती, कमेंटमध्ये कुणाच्या घरचं नाव घेऊ नका.